धाप लागणाऱ्या माणसाला वाचता येईल असं पत्रक कसं तयार करावं

सीओपीडी (श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागणारा आजार), जुना दमा, टीबी बरा झाल्यावर मागे राहिलेली धाप, अशा फुफ्फुसांच्या जुनाट आजारांच्या रुग्णांसाठी सोपी माहिती लिहायचं तुमच्या मनात असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. तुम्ही डॉक्टर असाल, फिजिओथेरपिस्ट असाल, एखाद्या मंडळाचे कार्यकर्ते असाल किंवा घरच्या आजारपणातून हे सगळं शिकला असाल. मी शेवटच्या गटातली. सासूबाईंना सीओपीडी निघाला, घरात पंप (इनहेलर) आला आणि सोबत इंग्रजीत छापलेला, घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद आला. तो त्यांच्या उपयोगाचा नव्हता. त्यांच्यासाठी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात चार ओळी लिहून दिल्या. पुढे इंदुरातल्या इतर मराठी ज्येष्ठांसाठी पत्रकं करू लागले.

हे काम करताना एक गोष्ट धरून ठेवा. ज्याला दम लागतो तो मजा म्हणून वाचत नाही. त्याच्या हातात पंप असतो, नाकावर चष्मा असतो किंवा तो सापडत नसतो, आणि त्याला आत्ता काय करायचं ते हवं असतं. आजाराची माहिती देण्यापेक्षा त्याच्या हातून एक कृती बरोबर घडवणं महत्त्वाचं आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी हे जवळ ठेवा

- रुग्णाचं सध्याचं प्रिस्क्रिप्शन (नाव झाकून) आणि तो वापरतो तोच पंप, तेच यंत्र, तोच स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी)
- साधा कॅमेरा असलेला फोन आणि खिडकीजवळची उजेडाची जागा
- ज्यांचे फोटो काढणार त्यांची लेखी संमती, मराठीत किंवा हिंदीत
- युनिकोड मराठी फॉन्ट: मुक्त, नोटो सान्स देवनागरी किंवा टिरो देवनागरी मराठी
- मजकूर तपासून द्यायला तयार असलेले छातीचे डॉक्टर
- मजकूर वाचून दाखवायला तयार असलेले पाच-सहा रुग्ण

शेवटच्या दोन गोष्टी जमल्याशिवाय छपाईचा विचारही करू नका.

१. वाचणारा कोण, ते ठरवा

इंदुरात एकाच ओपीडीच्या बाकावर तीन-चार तऱ्हेचे रुग्ण बसलेले असतात. मालवा मिल किंवा हुकुमचंद मिलमध्ये आयुष्य काढलेले, कापसाची धूळ आणि बिडी दोन्ही पचवलेले आजोबा. कधीच बिडी न ओढलेल्या पण वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या आजी. तरुणपणी टीबी होऊन गेलेले काका. यांच्यासाठी एकच पत्रक काढलं आणि पहिल्याच ओळीत ‘धूम्रपानामुळे होणारा आजार’ असं लिहिलं, तर आजी तो कागद बाजूला ठेवतील. हे आपल्याबद्दल नाहीच, असं त्यांना वाटेल. आपल्या देशात चुलीचा, शेणीचा, लाकडाचा धूर हे सीओपीडीचं मोठं कारण आहे. बायकांसाठी लिहिताना ते आधी यायला हवं.

भाषेचाही विचार करा. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर इथल्या जुन्या मराठी घरांत आजी-आजोबा मराठी सहज वाचतात. सून कदाचित हिंदी घरातली असते आणि नातवंडं हिंदी-इंग्रजीत शिकलेली असतात. औषध देणारा हात पुष्कळदा सुनेचा किंवा नातवाचा असतो. म्हणून मी एका बाजूला मराठी आणि मागच्या बाजूला तोच मजकूर हिंदीत ठेवते. दोन्ही बाजूंना चित्रं तीच आणि पायऱ्यांचे आकडेही तेच. आजी म्हणाल्या, “तिसरं चित्र बघ”, तर नातवाला पान उलटून तेच चित्र सापडायला हवं.

२. एका पत्रकात एकच काम

नवखे लोक एकाच पानात फुफ्फुसाची रचना, आजाराची कारणं, तपासण्या, औषधं, आहार, प्राणायाम आणि लसीकरण सगळं बसवायला जातात. तसं करू नका. स्पायरोमेट्री म्हणजे नळीत जोराने श्वास सोडून करायची फुफ्फुसांची तपासणी. तिच्यात पहिल्या सेकंदात सुटलेली हवा (एफईव्ही-वन) आणि एकूण सुटलेली हवा (एफव्हीसी) यांचं प्रमाण ०.७० पेक्षा कमी असलं की श्वासाच्या नळ्यांत अडथळा आहे असं मानतात. डॉक्टरांना ते हवं, रुग्णाला त्या आकड्याचं घरी काहीच करायचं नसतं.

पत्रकं वेगवेगळी करा: पंप कसा घ्यायचा, डॉक्टरांकडे कधी धावायचं, धाप लागली तर बसायचं कसं आणि श्वास सोडायचा कसा, बिडी-सिगरेट कशी सोडायची, घरी ऑक्सिजन असेल तर काय सांभाळायचं. पहिली दोन आधी करा. बाकीची सवडीने.

३. शब्द रुग्णाच्या तोंडचे घ्या

लिहायला बसण्याआधी दोन-चार रुग्णांशी गप्पा मारा आणि ते काय म्हणतात ते जसंच्या तसं टिपून घ्या. इंदूरची मराठी मंडळी ‘धाप लागते’, ‘दम लागतो’, ‘छाती भरते’ म्हणतात, आणि हिंदीच्या सवयीने ‘श्वास फुलतो’ असंही म्हणतात. इनहेलरला ‘पंप’, नेब्युलायझरला ‘वाफेचं मशीन’. ‘श्वसनमार्गाचे आकुंचन’ कोणी म्हणत नाही. ‘श्वासाच्या नळ्या आवळतात’ म्हटलं की लगेच कळतं. ‘कफोत्सर्जन’ नको, ‘कफ पडणे’ लिहा. ‘तीव्र अवस्था’ नको, ‘आजार अचानक वाढला तर’ लिहा.

मात्र औषधाचं आणि यंत्राचं नाव बदलू नका. डबीवर आणि प्रिस्क्रिप्शनवर जे नाव असतं तेच उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहा, म्हणजे दवा बाजारातल्या दुकानात दाखवताना गोंधळ होणार नाही. एक शब्द एकदा निवडला की शेवटपर्यंत तोच ठेवा. पहिल्या ओळीत ‘पंप’, तिसऱ्या ओळीत ‘इनहेलर’ आणि सहाव्यात ‘उपकरण’ आलं, तर वाचणाऱ्याला त्या तीन वेगवेगळ्या वस्तू वाटतात.

४. वाक्य लहान, क्रियापद स्पष्ट

सरकारी वळणाची मराठी इथे फार नडते. ‘औषध घेतल्यानंतर मुखप्रक्षालन करण्यात यावे’ यापेक्षा ‘पंप घेतल्यावर चूळ भरा आणि थुंका’ हे बरं. एका वाक्यात एक कृती. आदरार्थी आज्ञा ठेवा: घ्या, धरा, सोडा, थांबा. वडीलधाऱ्यांना ‘घे, धर’ असं छापून देऊ नका आणि ‘घ्यावे, धरावे’ही नको, कारण त्याने हे आता करायचं आहे असं वाटत नाही.

‘दिवसातून दोनदा’ यापेक्षा ‘सकाळी दात घासण्याआधी आणि रात्री दात घासण्याआधी’ जास्त कामाचं. स्टेरॉइड असलेला पंप घेतल्यावर चूळ भरली नाही तर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येऊ शकतात आणि आवाज बसतो. दात घासण्याशी वेळ बांधून दिली की चूळ आपोआप भरली जाते.

‘घेऊ नये असे नाही’ यासारखी दुहेरी नकाराची वाक्यं शोधून शोधून काढून टाका.

५. पंपाचं पत्रक: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

पंप रोज घेतला जातो पण औषध फुफ्फुसात पोचत नाही, हे फार घरांत चालू असतं. औषध तोंडात, घशात किंवा हवेत जातं. मग ‘पंपाने काही होत नाही’ म्हणून तो बंद होतो.

पहिला नियम: एका यंत्राला एक पत्रक. दाबायचा पंप आणि कॅप्सूल घालायचं मशीन यांची श्वास घेण्याची रीत उलट आहे. दाबायच्या पंपात श्वास हळू आणि खोल घ्यायचा. कॅप्सूलच्या मशीनमध्ये तो जोरात आणि खोल ओढायचा, कारण कोरडी पूड श्वासाच्या जोरावरच उडते. दोन्ही एकाच कागदावर दिलं तर माणूस हमखास गोंधळतो.

दाबायच्या पंपाची, स्पेसर नसताना, पायऱ्यांची भाषा मी अशी ठेवते:

१) टोपण काढा. पंप हलवा.
२) ताठ बसा. पंप तोंडापासून लांब धरून श्वास पूर्ण सोडा.
३) पंप ओठांत घट्ट धरा.
४) हळू श्वास घ्यायला सुरुवात करा. लगेच पंप एकदा दाबा. श्वास घेत राहा.
५) पंप काढा. तोंड मिटा. श्वास रोखा. मनात १० आकडे मोजा.
६) हळू श्वास सोडा.
७) दुसरा पफ सांगितला असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा. पुन्हा पहिल्यापासून करा.

चौथी पायरी बहुतेकांना अवघड जाते. हात आणि श्वास यांचा मेळ बसत नाही. अशांसाठी स्पेसर असतो. त्याच्या पत्रकात ‘एका वेळी एकच पफ दाबा’ हे मोठ्या अक्षरात लिहा. दोन पफ एकदम दाबून मग एकदाच श्वास घेणारे पुष्कळ असतात. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात धुवून हवेवर वाळवायचा, कपड्याने आतून पुसायचा नाही, हेही लिहा. पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटून राहतं.

कॅप्सूलच्या पत्रकावर पहिली ओळ हीच हवी: ही कॅप्सूल गिळायची नाही. ती गिळायच्या कॅप्सूलसारखीच दिसते, म्हणून लोक पाण्याबरोबर गिळतात. पुढे शेवटची पायरी न चुकता द्या: मशीन उघडा, कॅप्सूलमध्ये पूड उरली आहे का बघा, उरली असेल तर पुन्हा ओढा. काही मशीनमध्ये फिरवल्यावर कॅप्सूलचे दोन भाग होतात, काहींमध्ये तिला भोक पडतं. म्हणून रुग्णाच्या हातातलं मशीन समोर ठेवूनच लिहा. कंपनी बदलली की मशीन बदलतं आणि जुनं पत्रक चुकीचं ठरतं.

फोटो की चित्र? मी फोटो घेते, आणि तोही घरच्यासारख्या माणसाचा, बाजूने काढलेला. ओठ पंपावर कसे मिटले आहेत ते समोरून दिसत नाही, बाजूने दिसतं. मागे कोरी भिंत हवी. कॅलेंडर, देवघर, टीव्ही मागे आले की नजर तिकडेच जाते. बोट कुठे ठेवायचं तिथे एक जाड बाण पुरे. प्रत्येक पायरीचं चित्र तिच्या ओळीशेजारीच ठेवा. चित्रं एकीकडे आणि मजकूर दुसरीकडे असेल तर दम लागलेल्या माणसाला ते जुळवता येत नाही.

पत्रकाच्या तळाशी एका शंकेचं उत्तर नक्की द्या: ‘पंपाची सवय लागते का?’ घरोघरी हा प्रश्न असतो आणि पंप बंद पडायचं तेही एक कारण असतं. माझी ओळ अशी: ‘पंपाची सवय लागत नाही. औषध थेट फुफ्फुसात जातं म्हणून थोडंच लागतं.’ तुम्हाला स्वतःला हिशोब माहीत असावा म्हणून सांगते: साल्बुटामॉलच्या (श्वासाच्या नळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या) एका पफमध्ये साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीस पट. हा आकडा पत्रकात नको, पण कोणी विचारलं तर सांगता यायला हवा.

६. ‘डॉक्टरांकडे कधी’ हे पान

हिरवा, पिवळा, लाल असे तीन भाग करा. पण नुसत्या रंगावर विसंबू नका. पत्रकाच्या झेरॉक्स निघतातच, आणि झेरॉक्समध्ये तिन्ही रंग करडे होतात. प्रत्येक भागाला ठळक शीर्षक द्या: ‘रोजच्यासारखं’, ‘आजच डॉक्टरांना दाखवा’, ‘लगेच १०८ ला फोन’.

मधल्या भागात: कफ वाढला किंवा पिवळा-हिरवा झाला, नेहमीच्या कामालाही जास्त धाप लागते, रात्री आडवं होता येत नाही, पायावर सूज आली, ताप आला. लाल भागात: एक वाक्यही सलग बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर झाली, माणूस झोपाळलेला किंवा बरळतो आहे, पंप घेऊनही आराम नाही. यात ‘झोपाळलेला’ हे घरच्यांसाठी खास मोठं करा. रात्रभर धापलेला माणूस पहाटे शांत पडला की घरच्यांना हायसं वाटतं. पण तेव्हा रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढलेला असू शकतो.

डॉक्टरांचा आणि घरच्या एका माणसाचा फोन लिहायला रिकामी जागा ठेवा. ती पेनने भरता यावी म्हणून तिथे चकचकीत कागद नको.

७. घर, सणवार आणि ऑक्सिजन

नुसतं ‘धुरापासून दूर राहा’ लिहून काही होत नाही. आपल्या घरात आणि आपल्या शहरात धूर-धूळ कुठून येते ते लिहा: देवासमोरची अगरबत्ती आणि धूप, मच्छर कॉइल, फोडणीचा ठसका, होळी, दिवाळीचे फटाके. रंगपंचमीच्या गेरीत (रंगांच्या मिरवणुकीत) राजवाड्यावर गुलालाचे ढग उठतात. ती घरी बसून टीव्हीवर बघा, असं स्पष्ट लिहा. पूजा बंद करा असं लिहू नका, ते कोणी ऐकणार नाही आणि सांगायची गरजही नाही. ‘अगरबत्तीऐवजी फूल वाहा, खिडकी उघडी ठेवा’ हे ऐकलं जातं.

घरी ऑक्सिजन असेल त्यांच्या पत्रकात दोनच गोष्टी ठळक करा. एक, ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत निरांजन, समई, काडेपेटी, गॅस, बिडी काहीही नको. दोन, धाप वाढली म्हणून ऑक्सिजनचा काटा स्वतः वाढवायचा नाही. सीओपीडीच्या बहुतेक रुग्णांना ऑक्सिजन देताना डॉक्टर बोटाच्या मशीनवर दिसणारं रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ८८ ते ९२ टक्के ठेवू बघतात. ९९ आणायच्या हौसेने काटा वाढवला तर अपाय होऊ शकतो. हा आकडा रुग्णागणिक वेगळा असू शकतो, म्हणून पत्रकात छापू नका, रिकामी जागा ठेवा आणि डॉक्टरांकडून भरून घ्या.

श्वास सोडायची रीत दोन ओळींत मावते: ‘नाकाने श्वास घ्या, मनात २ मोजा. ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतो तसा हळू सोडा, ४ मोजा.’

तंबाखू सोडायच्या पत्रकावर सरकारी मोफत मदतीचा क्रमांक द्या: १८००-११-२३५६. लसीबद्दल एक ओळ पुरे: फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टरांना विचारून.

८. अक्षर आणि छपाई

मजकूर १६ पॉइंटचा ठेवा, १४ च्या खाली जाऊ नका. दोन ओळींत अंतर दीडपट हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. तिरकी अक्षरं नकोत. फोटोवर मजकूर नको. दोन्ही कडा सरळ करायचा आग्रह धरू नका, शब्दांत मोठी भगदाडं पडतात. कागद बिनचकाकीचा घ्या, ट्यूबलाइटखाली चकचकीत कागद वाचता येत नाही.

इंदुरात मराठी छापताना एक खास अडचण येते. प्रेसमधले ऑपरेटर हिंदीला सरावलेले असतात आणि पुष्कळ ठिकाणी अजून कृतिदेवसारखे जुने फॉन्ट चालतात. तुमचा युनिकोड मजकूर तिथे बदलून किंवा पुन्हा टाइप करून घेतला की ‘सकाळी’ची ‘सकाली’, ‘गोळी’ची ‘गोली’, ‘पाणी’चं ‘पानी’ होतं आणि ‘दुसऱ्या’मधला र वर जाऊन ‘दुसर्या’ होतो. त्यांना मजकूर पुन्हा टाइप करू देऊ नका. स्वतः पीडीएफ करून द्या, आणि छापायच्या आधी एक प्रत काढून ‘ळ’, ‘ण’, ‘ऱ्य’, ‘ॲ’ ही चार अक्षरं बोट ठेवून तपासा. सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की काही फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे येतात. जुन्या मंडळींच्या डोळ्यांना तेच सवयीचे असतात.

९. आधी डॉक्टर, मग रुग्ण

डॉक्टरांना मजकूर देताना ‘काही चुकलंय का’ असं विचारू नका, ते घाईत ‘ठीक आहे’ म्हणतील. ‘पायरी चार आणि लाल भागातली लक्षणं बघून सही करा’ असं नेमकं मागा. डॉक्टरांनी वाढवलेला मजकूर पत्रकाला जड करत असेल तर त्यांच्याशी नम्रपणे भांडा.

मग रुग्ण. ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारू नका. आपल्याकडे वडीलधारी माणसं समोरच्याचं मन राखायला ‘हो, हो’ म्हणतात. पत्रक हातात द्या, पंप द्या आणि म्हणा, “काका, माझं लिहिणं बरोबर झालंय का ते मला बघायचंय. यात लिहिलंय तसं करून दाखवता का?” परीक्षा तुमच्या कागदाची आहे, त्यांची नाही, हे असं आधीच सांगून टाका. नंतर गप्प बसा. हात कुठे थांबतो, नजर कुठे मागे जाते, कोणता शब्द दोनदा वाचला जातो, त्या जागी पेन्सिलने खूण करा. एका काकांनी ‘श्वास पूर्ण सोडा’ वाचून पंपातच श्वास सोडला. त्या ओळीत ‘पंप तोंडापासून लांब धरून’ एवढं घालून बघितलं आणि पुढच्या रुग्णाचं काम सुरळीत झालं.

दुसरा प्रश्न विचारा: “रात्री बारा वाजता धाप वाढली तर काय कराल?” उत्तर पत्रकातून तीस सेकंदांत सापडलं नाही तर मांडणी बदला.

इंग्रजीसाठी वाचनसुलभता मोजायची फ्लेश, स्मॉग अशी सूत्रं आहेत. ती इंग्रजी शब्दांतल्या उच्चाराच्या तुकड्यांवर (सिलॅबल) बेतलेली आहेत, मराठीवर लावू नका. त्यापेक्षा अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची पीमॅट ही प्रश्नावली बघा. कागद समजतो का, आणि तो वाचून काही करता येतं का, असे तिचे दोन भाग आहेत. दुसऱ्या भागातले प्रश्न भाषा कोणतीही असो, लागू पडतात.

१०. वाटप

पत्रक ओपीडीच्या टेबलावर ठेवलं तर पंख्याने उडून जातं. ते पंपाबरोबर हातात पडलं पाहिजे, म्हणून औषधाच्या दुकानदाराशी, ओपीडीतल्या नर्सशी बोला. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरं फुटतात. वाचता न येणाऱ्यांसाठी तोच मजकूर सावकाश, दोन पायऱ्यांच्या मध्ये थांबत वाचून दोन मिनिटांचा ऑडिओ करा.

जागतिक सीओपीडी दिन नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी असतो. पण दिवाळीचा धूर बहुधा त्याआधीच येऊन जातो, म्हणून छपाई सप्टेंबरच्या अखेरीस उरकून घ्या. रंगपंचमीचा कागद होळीच्या आठवडाभर आधी घरोघरी पोचायला हवा.

प्रत्येक पत्रकाच्या कोपऱ्यात महिना आणि वर्ष छापा. मूळ फाइल दोन जागी जपून ठेवा. वर्षातून एकदा डॉक्टरांना पुन्हा दाखवा, आणि नवीन गठ्ठा आला की जुन्या तारखेचे कागद दुकानातून, ओपीडीतून स्वतः जाऊन उचलून आणा.